मध्य प्रदेशात पोलिसांची तक्रार ऐकणारं महाराष्ट्रासारखं प्राधिकरण आहे का? राज्याचा कायदा काय म्हणतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून इंदूरला येऊन वर्षही झालं नाही, मिसेसचा मोबाईल चालत्या बाईकवरून हिसकावला, ठाण्यात मात्र ‘मोबाईल गुम’ असं आवेदन लिहून घेतलं, तर आता त्या पोलिसांची तक्रार करायची कुठे. तो ‘गुम’ शब्द वाचला आणि राहवलं नाही. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी सरळ उत्तर. कायद्याने उभं केलेलं तसं स्वतंत्र प्राधिकरण मध्य प्रदेशात नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा १९५१ चा पोलीस कायदा आहे, त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरण घातलं. गुजरातने २००७ मध्ये घातलं, केरळने २०११ मध्ये कायदाच नवा केला. आमच्याकडे आजही १८६१ चा पोलीस कायदा चालतो, सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी केलेला. १८६१ मध्ये इंदूर इंग्रजांच्या मुलखात नव्हतंसुद्धा, दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते, आणि आज आम्ही त्या कायद्याखाली राहतोय. पोलीस हा विषय राज्यसूचीतला, म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही, भोपाळने करायचं होतं आणि केलं नाही. सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह केसमध्ये २२ सप्टेंबर २००६ ला सगळ्या राज्यांना सांगून ठेवलंय की जिल्ह्याला एक आणि राज्याला एक तक्रार प्राधिकरण करा, जिल्ह्याचं रिटायर्ड जिल्हा न्यायाधीशाच्या हाताखाली, डीएसपीपर्यंतच्या लोकांसाठी, आणि एसपी व त्याच्या वरचं राज्याकडे. हे प्रकाश सिंह स्वतः उत्तर प्रदेशचे डीजीपी राहिलेले, १९९६ मध्ये कोर्टात गेले, दहा वर्षांनी निकाल मिळाला.

आता माझ्या घरचं सांगतो, म्हणजे तुमच्या ‘गुम’चा अर्थ कळेल.

२०१८ ची ऋषिपंचमी, १४ सप्टेंबर. दादा पुण्याहून गणपतीला आलेला, घर भरलेलं, आदल्या रात्री ऋषीच्या भाजीची सगळी जमवाजमव करून ठेवलेली. आई सकाळी सहा-सव्वासहाला दूर्वा आणायला कोपऱ्यावरच्या बगीच्यात गेली. येताना मागून बाईक आली, मागच्या पोराने गळ्याला हात घातला. आईचा दोन तोळ्यांचा गोफ होता, बाबांनी त्यांच्या पहिल्या एरियर्समधून केलेला. गोफ मधेच तुटला, अर्धा पोराच्या हातात गेला आणि अर्धा आईने मुठीत धरून ठेवला. ती घरी आली तेव्हा एका हातात दूर्वा आणि एका हातात तो अर्धा गोफ, मानेवर लाल वळ, आणि पहिलं वाक्य काय तर “रडू नका कोणी, चला ठाण्यात.” तेव्हा ती ७१ वर्षांची होती.

ठाण्यात मुन्शीने, म्हणजे लिखापढी करणाऱ्या हवालदाराने, सगळं ऐकलं, पाणी दिलं, नीट बोलला, आणि शेवटी म्हणतो, “माताजी, लिख दो कि चेन कहीं गिर गई, मिल जाएगी तो बुला लेंगे.” आईने मूठ उघडून अर्धा गोफ टेबलावर ठेवला. म्हणाली, “बेटा, गिरती तो पूरी गिरती.” मग टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, आले, त्यांनीही तेच, की त्योहार चल रहा है, बंदोबस्त है, अभी आवेदन दे दो. आई शाळेत ३१ वर्षं हिंदी शिकवून रिटायर झालेली बाई, ती ‘छीनी’च्या जागी ‘गुम’ लिहिणार नव्हती. दोन तास बसलो, आवेदनात ‘झपट्टा मारकर छीनी’ असंच लिहून दिलं, त्यांनी ते ठेवून घेतलं पण रिसीव्हिंग, म्हणजे पोच, दिली नाही आणि एफआयआर तर नाहीच. घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते, भाजी तशीच न चिरलेली पडली होती.

‘गुम’ का लिहितात हे तुम्हाला माहीत असेलच, महिन्याच्या आकड्यात लूट वाढू नये म्हणून. हरवलेल्या वस्तूत गुन्हाच नसतो, गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, तपास नाही म्हणजे कोणी विचारणार नाही की काय केलंत. आणि खरा तोटा पुढे कळतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं मंगळसूत्र दोनच महिने आधी असंच गेलं होतं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ‘कहीं गिर गया’वर सही करून टाकली होती.

चौथ्या दिवशी आम्ही सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. माझा फोन तेव्हा बिघडलेला, म्हणून नंबर दादाचा दिला. गौरी गेल्या तसा दादा पुण्याला परतला. आठवड्याभराने त्याला ठाण्यातून फोन आला, भाईसाहब कार्रवाई चल रही है, आप बस संतुष्ट बोल दो, आणि दादाने ‘संतुष्ट हूँ’ म्हणून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. मला दहा दिवसांनी कळलं की तक्रार बंद, शेरा काय तर शिकायतकर्ता संतुष्ट. मी फोन केला तर म्हणतो, “अरे, दोन तोळ्यांसाठी ह्या वयात आईला ठाण्याच्या चकरा मारायला लावतोयस, आणि तुमच्या एमपीत कायदाच कुठेय, इकडे निदान प्राधिकरण तरी आहे.” हे वाक्य मी सात वर्षं विसरलेलो नाही.

कारण कायदा होता. ओळखीच्या एका वकिलांनी मला एका बैठकीत सगळं समजावलं. ठाण्याने एफआयआर घेतली नाही तर लेखी अर्ज पोस्टाने एसपींना पाठवायचा हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, सीआरपीसीच्या, १५४(३) मध्ये होतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर लिहिलीच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या बेंचने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये सांगितलेलं. मी एसपींना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, अर्जात तारीख, वेळ, ठाण्यात कोण-कोण भेटलं, अर्ध्या गोफाचा फोटो, आईच्या मानेचा फोटो, ललिता कुमारीचं नाव, सगळं. बारा दिवसांनी एक सब-इन्स्पेक्टर मॅडम घरी आल्या. घरी, ठाण्यात नाही! कारण जबाबासाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवता येत नाही, राहत्या घरी यावं लागतं, हेसुद्धा कायद्यातच होतं, आणि दादा ज्या चकरांबद्दल बोलत होता त्या मारायची गरजच नव्हती. मॅडमनी लिहून घेतलं, आईने वाचून पाहिलं, ‘छिनी’ लिहिलं होतं त्याचं ‘छीनी’ करायला लावलं आणि मग सही केली. एफआयआर झाली, तेव्हाच्या आयपीसीचं कलम ३९२, लूट. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मॅडमनी स्वतः आणून दिली. त्या बाईंनी पुढेही नीट काम केलं, हे सांगायलाच हवं.

जानेवारीत शहराच्या दुसऱ्या टोकाला एक टोळी पकडली गेली, पोरांनी कबूल केलं की ह्या-ह्या भागात चेन ओढल्या. आमची एफआयआर होती म्हणून आईला शिनाख्त परेडला, म्हणजे ओळख परेडला, बोलावलं. तहसीलदारांसमोर तिने मागे बसलेल्या पोराला ओळखलं. लॉकडाऊनच्या आधी एमजी रोडच्या कोर्टात जाऊन साक्ष दिली, आणि त्याला शिक्षा झाली. गोफाचं सोनं वितळून गेलं होतं, ते काही मिळालं नाही. आणि काकू? त्यांचं मंगळसूत्र त्याच पोरांनी ओढलेलं असणार, वर्णन जुळत होतं, पण कागदावर त्यांचं मंगळसूत्र ‘गिर गया’ होतं, मग त्यांना बोलावणार कशात. त्या घरी येऊन मला विचारत होत्या, “माझ्या सहीमुळेच झालं का रे हे?” मी काय सांगणार होतो.

आता तुमच्या प्रश्नाचा जो खरा गाभा आहे तो. एफआयआर मिळवता येते, पण ज्याने नाकारली त्याचं काय. १८६१ च्याच कायद्याच्या कलम ४४ मध्ये लिहिलंय की ठाण्याच्या प्रभारीने रोजनामचा ठेवायचा आणि त्यात आलेली प्रत्येक तक्रार नोंदवायची. कलम २९ मध्ये कर्तव्यात कसूर केली तर तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड किंवा तीन महिने कैद, नाहीतर दोन्ही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलासुद्धा कळत होतं की शिपाई लिहायला टाळतो. मी आरटीआय टाकला, १४ सप्टेंबरच्या रोजनामच्यात आमच्या आवेदनाची नोंद आणि त्यावर झालेली कारवाई मागितली. उत्तर एका शब्दाचं आलं, ‘निरंक’, काहीच नोंद नाही. म्हणजे आम्ही दोन तास तिथे बसलो होतो, आई टेबलावर गोफ ठेवून बोलत होती, ते घडलंच नाही. आणि ह्या ‘निरंक’ची दाद मागायची तर आधी परत त्याच खात्याच्या वरच्या साहेबांकडे. ते खालच्यालाच विचारतात, खालचा लिहून देतो, फाइल बंद. मानवाधिकार आयोग भोपाळला आहे पण तो शिफारस करतो, हुकूम देत नाही, आणि वर्षाच्या आत जावं लागतं. म्हणून मला राज्याचा कायदा हवाय, खात्याबाहेरचा माणूस बसलेला, आणि त्याच्या निकालाला खात्याला उत्तर द्यावं लागेल असा. २०२१ च्या डिसेंबरात इंदूर-भोपाळला कमिश्नर सिस्टिम आली, म्हणजे जे अधिकार आधी मॅजिस्ट्रेटकडे होते त्यातले बरेच पोलिसांकडे आले. अधिकार वाढवायला वेळ मिळाला, जबाबदारीचा कायदा करायला मिळाला नाही.

तुम्ही काय करायचं ते थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी) कलम ३०४ मध्ये हिसकावणं हा वेगळा गुन्हा झालाय, त्यामुळे ‘गुम’ला काहीच जागा नाही. दुसरं आवेदन द्या, ‘छीना’ शब्द घालून, ठाण्याने नाही घेतलं तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) १७३(४) प्रमाणे पोस्टाने वरच्या अधिकाऱ्यांकडे, इंदूर शहरात असाल तर डीसीपींकडे, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात ज्या दिवशी गेला होतात त्या दिवसाचं सीसीटीव्ही जपून ठेवा असंही त्याच अर्जात लिहा, सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालात सगळ्या ठाण्यांत आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितलेत, आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं आहे.

एक राहिलं. नेटवर बरेच जण सांगतात की एफआयआर न घेणाऱ्या पोलिसाला बीएनएस १९९ खाली जेल होते, ते ठाण्यात जाऊन बोलू नका, त्या कलमातला एफआयआर न लिहिण्याचा भाग बलात्कार, ॲसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांपुरताच आहे, चोरी-हिसकावणीला लागत नाही, आणि मुन्शीला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आणि नव्या कायद्यात तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीएसपीची परवानगी घेऊन १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा दिलीय, तेव्हा लगेच नाही झालं तर ते १४ दिवस मोजा, पण परवानगी लेखी आहे का ते विचारा. मी वकील नाही, हे माझ्या अनुभवातून आणि वाचून.

आई २०२१ मध्ये गेली. दादा परवा म्हणाला की तो अर्धा गोफ मोडून पुतणीच्या लग्नात काहीतरी करू. मी नाही म्हणालो. तो एफआयआरच्या कॉपीसोबत एकाच पाकिटात लॉकरमध्ये आहे आणि तिथेच राहील. दादाला माझं म्हणणं एवढंच आहे की प्राधिकरण नव्हतं हे खरं, पण त्या दिवशी फोन तू उचलला होतास. तुम्ही हेल्पलाइनवर तक्रार टाकाल तेव्हा मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, आणि फोन आला की आधी एफआयआर नंबर विचारा.