निबंधांच्या यादीत काय वाचलं जातं

संशोधक मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझी प्रकाशनांची यादी आणि सोबत पाठवलेली त्या ज्येष्ठ संशोधकांची यादी, दोन्ही सावकाश वाचल्या. त्यांच्या दहा पानांपर्यंत पोहोचायचं तर वर्षाला किती पेपर व्हायला हवेत, असं तू विचारलं आहेस. हा हिशेब मी मांडून देणार नाही. या हिशेबाने चाललीस तर तुझ्या हातून होण्यासारखं चांगलं काम राहून जाईल, अशी मला खरोखर काळजी वाटते. त्याऐवजी आपल्या क्षेत्रातली, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकी विश्लेषणातली, यादी जाणकार माणूस कशी वाचतो ते सांगतो, म्हणजे तुझी तू कशी घडवायची तेही आपोआप येईल.

त्या दहा पानांत सगळ्यात आधी माझ्या नजरेत भरला तो आकडा नव्हे, प्रश्न. पहिली कित्येक वर्षं हे गृहस्थ एकाच गोष्टीमागे आहेत: एकाच रुग्णाची दोन वेगळ्या वेळी काढलेली स्कॅन एकमेकांवर नेमकी कशी बसवायची. सुरुवातीच्या पेपरांत माहितीसिद्धान्तावर आधारलेली मापं आहेत, मधल्या काळात अवयवांचा आकार बदलतो तो कसा धरायचा याची गणितं आहेत, आणि अलीकडे तेच काम न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी रचनेकडून, करून घेतलं आहे. तंत्र तीनदा बदललं, प्रश्न तोच राहिला. शेवटच्या चार पानांत चाळीस-पन्नास लेखकांचे स्पर्धा-अहवाल आणि मोठे सहयोग आहेत. ते पहिल्या सहा पानांमुळे आले, म्हणून त्यांची बरोबरी आत्ता करायला जाऊ नकोस.

तुझ्या यादीत दोन वर्षांत रेटिना, मेंदूतला ट्यूमर, त्वचा आणि फुफ्फुस असे चार विषय आहेत. प्रत्येक ठिकाणी नेटवर्कमध्ये एक नवा भाग जोडला आहे आणि आकडा थोडा वर गेला आहे. शिकताना हे चालतं. पण यादी वाचणाऱ्याला तू कोण आहेस ते त्यातून कळत नाही.

मांडणीबद्दल थोडंसं. आपल्याकडे परिषदेतला पेपर हे पूर्ण काम असतं. मिकाय ही आपली मुख्य परिषद १९९८ पासून भरते आणि तिथला आठ पानांचा पेपर कडक समीक्षेतून जातो. वैद्यकातल्या बऱ्याच परिषदांत मात्र फक्त सारांश सादर होतो, त्यामुळे निवड समितीत डॉक्टर असतील तर तुझे परिषदेतले पेपर त्यांना किरकोळ वाटू शकतात. म्हणून जर्नल, पूर्ण समीक्षित परिषद-पेपर, सारांश आणि प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुला केलेला मसुदा) वेगवेगळे लिही. एकच काम आधी प्रीप्रिंट, मग परिषद, मग विस्तारून जर्नल असं तीनदा आलं असेल तर ते एकाच नोंदीत घे. तुझ्या यादीत असं दोन ठिकाणी झालं आहे आणि जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितोय त्याकडे येतो.

आपल्या क्षेत्रातला पेपर टिकतो की नाही हे बहुतेक वेळा नेटवर्कवर ठरत नाही, चाचणीचा डेटा कुठून आला आणि कसा विभागला यावर ठरतं. २०१८ साली पीएलओएस मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास तू मुळातून वाच. तीन संस्थांमधले दीड लाखाहून जास्त छातीचे एक्स-रे घेऊन न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल त्यांनी शिकवलं आणि एकीकडे शिकलेलं मॉडेल दुसरीकडे कसं वागतं ते पाहिलं. पाचपैकी तीन तुलनांत बाहेरच्या रुग्णालयात कामगिरी स्पष्टपणे घसरली. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला हे नेटवर्कला जवळजवळ अचूक ओळखता येत होतं. एका ठिकाणी न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, बाकीच्या दोन्हीकडे एक टक्क्याच्या आसपास. मग रुग्णालय ओळखलं की निम्मं निदान झालंच! फुफ्फुसाकडे न पाहताही गुण मिळतात.

असंच न्यूमोथोरॅक्सच्या बाबतीत झालं. छातीत हवा साठली की डॉक्टर नळी घालून ती काढतात, आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या सार्वजनिक प्रतिमा-संचातल्या अशा बऱ्याच एक्स-रेंमध्ये ती नळी दिसते. म्हणजे उपचार आधीच सुरू झालेले रुग्ण मॉडेल झटकन ओळखतं, आणि ज्यांना अजून नळी घातलेली नाही, ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, तिथे ते जास्त चुकतं. एकूण सरासरीत हे दिसतच नाही.

कोविडच्या काळात याची मोठी किंमत कळली. २०२१ साली नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये आलेल्या आढाव्यात एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखण्याच्या २,२१२ अभ्यासांपासून सुरुवात झाली. पहिल्या छाननीत ४१५ उरले, गुणवत्तेच्या छाननीत ६२, आणि त्या ६२ पैकी प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरावं असं एकही मॉडेल निघालं नाही. कितीतरी पेपरांत कोविडचे रुग्ण प्रौढ होते आणि तुलनेसाठी घेतलेले एक्स-रे एक ते पाच वर्षांच्या मुलांचे. अशा मॉडेलने मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकला असणार. हे लिहिणारे लोक आळशी नव्हते. घाईत होते, आणि हाताशी आलेला संच कुठून आला हे विचारायला कुणी थांबलं नाही. त्यातले बरेच पेपर अजूनही कुणाच्या ना कुणाच्या यादीत आहेत. म्हणून पेपरांच्या आकड्याची मला धास्ती वाटते.

तुझ्या फुफ्फुसातल्या गाठींच्या पेपरचा मसुदा मी याच नजरेने पाहिला. प्रशिक्षण आणि चाचणी अशी डेटाची विभागणी तू स्लाइसप्रमाणे, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका छेदाप्रमाणे, केली आहेस असं पद्धतीच्या भागावरून दिसतं. एका रुग्णाच्या शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ सारख्याच असतात. एक प्रशिक्षणात आणि दुसरी चाचणीत गेली तर मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दाखवल्यासारखं होतं. विभागणी रुग्णाप्रमाणेच हवी. एकाच रुग्णाची वेगवेगळ्या तारखांची स्कॅनही एकाच बाजूला ठेव. हे बदलल्यावर आकडा खाली येईल. येऊ दे.

त्यातली सुधारणा डाइसमध्ये, म्हणजे मॉडेलने आखलेला भाग तज्ज्ञाच्या आखणीशी किती जुळतो त्या मापात, एक टक्क्याहून कमी आहे. ती किती खरी मानायची? तू वापरलेल्या एलआयडीसी या फुफ्फुसांच्या स्कॅनच्या सार्वजनिक संचाचंच बघ. १,०१८ सीटी स्कॅन, प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी आधी स्वतंत्रपणे आणि मग बाकीच्यांच्या खुणा पाहून पुन्हा वाचलेलं. तरीही निदान एकाला तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ वाटलेल्या २,६६९ जागांपैकी चौघांचंही एकमत झालं ते फक्त ९२८ जागांवर. चार तज्ज्ञांमध्ये एवढं अंतर असताना तुझा अर्धा-पाऊण टक्का नेमका कशाच्या तुलनेत, ते लिहावंच लागेल. आकड्यासोबत विश्वासमर्यादा, म्हणजे तो किती वरखाली असू शकतो ते, दे, रुग्णागणिक फरक दाखव, आणि मॉडेल निदान तीनदा वेगवेगळ्या सुरुवातीपासून शिकव.

नावीन्याबद्दलही बोलायला हवं, कारण समीक्षक नवं काहीतरी मागतात हे तुझं म्हणणं खरं आहे. २०१५ साली फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट हे प्रतिमेतला हवा तो भाग आखून देणारं नेटवर्क आलं. ज्या स्पर्धेत त्याने नाव काढलं तिथे प्रशिक्षणाला फक्त तीस प्रतिमा होत्या. त्यानंतर त्यात हे जोड, ते बदल अशा पेपरांचा पूर आला. हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातल्या गटाने उलटं केलं. नेटवर्क जवळजवळ तसंच ठेवलं आणि पूर्वप्रक्रिया, पॅचचा (एका वेळी दाखवलेल्या प्रतिमेच्या तुकड्याचा) आकार, प्रशिक्षणाची पद्धत हे सगळं डेटा पाहून आपोआप ठरेल अशी व्यवस्था बांधली. २०२१ साली नेचर मेथड्समध्ये छापलेल्या त्या एनएन-यूनेटने २३ सार्वजनिक संचांवर बहुतेक खास बनवलेल्या पद्धतींना मागे टाकलं. २०२४ साली त्यांनीच मिकायमध्ये दाखवलं की बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची आधाराची पद्धत, नीट जुळवली आणि सगळ्यांना सारखी गणनशक्ती दिली, तर मधल्या काळातल्या पुष्कळ सुधारणा उरत नाहीत. आपल्या क्षेत्रात इतकं उपयोगी आणि इतकं प्रामाणिक काम मी फार थोडं पाहिलं आहे, आणि त्याचा पाया काळजीपूर्वक तुलना हा आहे. तुझ्या तुलनेच्या तक्त्यात एनएन-यूनेट नाही. ते आणल्याशिवाय पेपर पाठवू नकोस. आणि स्वतःच्या मॉडेलला जेवढे दिवस दिलेस तेवढेच त्यालाही दे.

एच-इंडेक्स (किती पेपरांना निदान तितकेच उल्लेख मिळाले तो आकडा), एकूण उल्लेख वगैरे बघत बसू नकोस. एक आढावा-लेख किंवा एक लोकप्रिय संच एकूण उल्लेख फुगवू शकतो, आणि तुझ्या वयाला एच-इंडेक्सही काहीच सांगत नाही. कोड, शिकवलेल्या मॉडेलचे वेट (त्याने शिकलेले आतले आकडे) आणि कुठला रुग्ण कुठल्या भागात होता याची यादी मात्र प्रत्येक पेपरसोबत उघडी कर. तिसऱ्या माणसाने तुझा आकडा आपल्या संगणकावर परत काढला, तर त्या नोंदीला वेगळंच वजन येतं.

एक अवघड गोष्ट लेखकांच्या नावांची. गाठींभोवती रेषा आखून देणाऱ्या रेडिओलॉजिस्ट बाईंचं नाव तू आभारात घातलं आहेस. वैद्यकीय जर्नलं जे निकष पाळतात त्यांत नुसतं काम केलं एवढं पुरत नाही. मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम रूपाला संमती आणि जबाबदारी हेही लागतं. पण त्याच निकषांत असंही आहे की ज्याने काम केलं त्याला मसुदा वाचायची आणि सुधारायची संधी मिळाली पाहिजे. त्यांना ती दिलीच गेली नाही. त्यांना आजच फोन कर, मसुदा पाठव, आणि लेखक व्हायची इच्छा आहे का ते स्पष्ट विचार. कुठली गाठ कशामुळे चुकली हे त्या तुला अर्ध्या तासात सांगतील. तुझ्या चर्चेच्या भागात नेमकं तेच नाही.

आता पुढचं. येत्या मुदतीला हा पेपर पाठवू नकोस. रेटिना आणि त्वचेचं काम थांबव, फुफ्फुस धर. दुसऱ्या रुग्णालयाचा डेटा मिळवायला वेळ लागेल: नीतिसमितीची परवानगी, नावं पुसणं, वेगळ्या यंत्राच्या स्लाइसची जाडी. तिथल्या विभागप्रमुखांशी मी बोलतो, अर्ज तू लिही. या वर्षी यादीत एकच ओळ वाढली तर तुझ्या मार्गदर्शकांना मी समजावेन.

निकाल आले की रुग्णागणिक आकड्यांचा पूर्ण तक्ता मला पाठव, सरासरी काढू नकोस. त्यात जिथे मॉडेल सगळ्यात वाईट चुकलं ती वीस स्कॅन आधी त्या बाईंबरोबर बसून बघ. पेपरचं शीर्षक त्यानंतर ठरवू.

लोभ असावा.