दुसऱ्याचं दुःख रंगवायचा मला हक्क आहे का?

"मी त्यांच्या दुःखाचं भांडवल तर करत नाही ना?" फोटो काढणारे, माहितीपट करणारे, वस्तीत चित्रांचे वर्ग घेणारे तरुण गेली काही वर्षं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. झोप उडालेली असते, हातातलं काम थांबलेलं असतं. त्यातल्याच एका चित्रकार मुलीची ही हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पुसून सांगते.

ती पुण्यातली. कचरावेचक बायांची कोळशातली व्यक्तिचित्रं काढायची. प्रदर्शन झालं, वाहवा झाली, लोक चित्रांसमोर डोळे पुसत उभे राहिले. त्यानंतर चार महिने तिने कागदाला हात लावला नव्हता.

पहिल्या काही भेटींत ती स्वतःवरच खटला चालवत होती. "मी फ्लॅटमध्ये राहणारी, मला त्यांचं जगणं काय कळणार?" मी धीर दिला नाही. अपराधभावाला घाईने थोपटलं तर तो तेवढ्यापुरता झोपतो, हे मी अनुभवातून शिकले आहे. पाचव्या भेटीत विचारलं, "ज्या मावशींचं चित्र सगळ्यात गाजलं, त्या ते बघून काय म्हणाल्या?"

बराच वेळ ती गप्प. मग अगदी हळू म्हणाली, "त्यांना दाखवलंच नाही."

ती शांतता मी मोडली नाही. मला हक्क आहे का, हे तिने मैत्रिणींना विचारलं होतं, मला विचारलं होतं, रात्र रात्र जागून स्वतःला विचारलं होतं. उत्तर ज्यांच्याकडे होतं त्या मावशी तेवढ्या राहिल्या होत्या. ती रडू लागली, पण हे रडणं आधीच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं. त्यात पहिल्यांदाच दुसरं माणूस होतं.

पुढच्याच आठवड्यात ती चित्र घेऊन मावशींच्या घरी गेली. मावशींनी ते निरखून पाहिलं. म्हणाल्या, "ढकलगाडी मी चालवते पोरी. तू मला तिच्या बुडाशी का बसवलंस? आणि माझं ओळखपत्र कुठाय?"

या ओळखपत्रामागे मोठा लढा आहे. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली. गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईकडे लोक चोर म्हणून बघत. महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र बायांनी संघटनेच्या जोरावर मिळवलं. मावशींना ते चेहऱ्याइतकंच आपलं वाटत होतं आणि आमच्या चित्रकाराला दिसले होते फक्त भेगाळलेले हात.

समुपदेशक म्हणून माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर झाली. समानुभूती म्हणजे दुसऱ्याचं अंतर्विश्व जणू आपलंच आहे असं अनुभवणं, पण तो 'जणू' कधीही न सोडणं, असं त्यांनी १९५७ च्या निबंधात मांडलं. 'जणू' सुटला की आपल्याच मनातली कणव आपण समोरच्याच्या चेहऱ्यावर रेखाटू लागतो. अपराधभावही तेच करतो, असं मी आता ठामपणे म्हणते. नजर पुन्हा आपल्यावरच येते.

म्हणून हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी सांगते, हक्काचा निवाडा एकट्याने करू नका. चित्र आधी त्या माणसाला दाखवा. तो नको म्हणाला तर बाजूला ठेवा. विकलं गेलं तर पैशाचं काय, हे कोळसा हातात घेण्याआधी बोला. आणि जमलं तर ब्रश त्यांच्याच हाती द्या. बंगळुरूचा 'अरावनी आर्ट प्रोजेक्ट' २०१६ पासून ट्रान्सजेंडर व्यक्तींना सोबत घेऊन शहरांतल्या भिंती रंगवतो. एरवी ज्यांना बघून लोक काच वर करतात, त्या तिथे भर रस्त्यात रंग लावत असतात, आणि येणारे-जाणारे थांबून विचारतात, हे काय काढताय?

दुसरं चित्र दोघींनी मिळून ठरवलं. मावशी उभ्या, हात गाडीच्या दांड्यावर, गळ्यात ओळखपत्र. ते प्रदर्शनात गेलं नाही. मावशींच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलंय, खिळा मावशींनीच ठोकला.