वाचक विचारतात: एन्झाइम आणि फुफ्फुसांची झीज

प्रश्न: माझे वडील तुर्भे एमआयडीसीतील कारखान्यातून निवृत्त झाले असून अनेक वर्षांपासून विडी ओढतात. जिना चढताना त्यांना धाप लागते. डॉक्टरांनी एम्फिसीमाचे, म्हणजे फुफ्फुसांतील वायुकोशांच्या (हवेच्या बारीक पिशव्यांच्या) भिंती नष्ट होण्याच्या आजाराचे निदान केले आणि शरीरातील एन्झाइमच फुफ्फुसे झिजवतात, असे समजावले. मात्र दाढ काढल्यावर सूज उतरावी म्हणून त्यांना सेराशिओपेप्टिडेज या एन्झाइमच्याच गोळ्या दिल्या होत्या. त्या आता घ्याव्यात का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. फुफ्फुसात जंतू किंवा धूर शिरला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे जमतात. त्यांच्यातील इलॅस्टेज हे प्रथिने तोडणारे एन्झाइम जंतूंचा नाश करण्यासाठी आवश्यकच असते. परंतु ते पेशीबाहेर सांडले, तर वायुकोशांच्या भिंतींतील इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे तंतूही तुटू लागतात, आणि श्वास सोडताना फुफ्फुस आकसते ते याच तंतूंच्या बळावर. ही हानी टाळण्यासाठी यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तयार करते. ते रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचून इलॅस्टेजला जखडून ठेवते. १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांना रक्ततपासणीत पाच जणांमध्ये हे प्रथिन जवळजवळ आढळले नाही आणि त्यांपैकी तिघांना फुफ्फुसांचा गंभीर विकार होता. एम्फिसीमाचे कोडे उलगडू लागले ते तेथून.

विडीचा धूर दोन्ही बाजूंनी घात करतो. तो न्यूट्रोफिलांची गर्दी वाढवतो आणि त्याच वेळी अँटिट्रिप्सिनच्या रेणूतील मोक्याचा भाग ऑक्सिडीकरणाने निकामी करतो. प्रथिन असते, पण त्याची पकड सुटते. त्यातच तुटलेल्या इलॅस्टिनचे तुकडे आणखी पेशींना बोलावून घेतात. नष्ट झालेल्या भिंती परत येत नाहीत, हे कटू असले तरी सांगणे भाग आहे. मात्र विडी पूर्ण सुटली, तर पुढच्या झिजेचा वेग निश्चित मंदावतो, आणि त्यासाठी कोणतेही वय उशिराचे नसते.

दाढेच्या वेळच्या गोळ्यांमुळे हा आजार झाला, असे मानण्यास आधार नाही. पण त्या यावरचे औषधही नाहीत. मुळात सूज उतरवण्याच्या त्यांच्या गुणाबद्दलचा पुरावाच तोकडा आहे. जपानमध्ये मूळ उत्पादक कंपनीने २०११ साली हे औषध बाजारातून मागे घेतले. तेव्हा मेडिकलमधून आणून त्या परस्पर देऊ नका.

कारखान्यातील धूळ आणि वाफांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्या, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची तपासणी एकदा करता येईल का ते विचारा आणि फ्लू व न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसींबद्दलही बोला. वडिलांच्या कफाच्या रंगाकडे लक्ष असू द्या. कफाला हिरवट छटा येते ती न्यूट्रोफिलांमधीलच मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे, म्हणजे त्या पेशी पुन्हा मोठ्या संख्येने जमल्या आहेत. अशा वेळी धाप किंवा कफ वाढला असेल, तर घरगुती काढ्यांवर दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.