ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गाय तासाभरात मेली, हे किराळ लागणं खरं असतं का?

हो, खरं असतं. तुम्ही लिहिलंय की ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला, धसकटांना फुटवे आले, गाय त्यात सोडली आणि पाऊण तासात धापा टाकत, लाळ गाळत, थरथरत पडली, गावातले साप चावला म्हणतात आणि सासरे किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, म्हणतात. गाय काही मी बघितली नाही पण एवढ्यावरून तरी मी सासऱ्यांच्या बाजूने. आमच्याकडे गुरं आहेत आणि ज्वारीचा पट्टा आहे, त्यामुळे हा प्रकार इकडे सगळ्यांना माहितीये, तरी दरवर्षी कोणाचं तरी जनावर जातंच.

वर्षभर तोच कडबा खातात मग विष आलं कुठून, तर ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो, पान चावलं गेलं आणि पोटात गेलं की त्यातून सायनाइड सुटतं, तेच ते हायड्रोसायनिक ॲसिड. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण शरीराच्या पेशींना तो वापरताच येत नाही, म्हणून जनावर धापा टाकतं आणि रक्त मात्र लालभडक दिसतं. किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे 300 किलोच्या गाईला एक ग्रॅम पण लागत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळ्यांना होतं.

जास्त विष कधी असतं तर पीक गुडघ्याएवढं असताना, कापल्यावर आलेल्या फुटव्यात, पावसाने ओढ देऊन पिवळं पडलेल्या पिकात आणि युरिया टाकल्यावर. त्यात जनावर उपाशी असलं की भराभरा ओरबाडतं, मग संपलंच. फुलोऱ्यात आलेलं कडवळ (ज्वारीचा हिरवा चारा) कापून घातलं तर भीती बरीच कमी, आणि चांगला वाळलेला कडबा तर आपण घालतोच. पण "थोडं सुकवून टाकलं की चालतं" असं जे सांगतात ना त्यावर विश्वास ठेवू नका, अर्धवट कोमेजलेलं कोवळं पीक उलट जास्त घातक.

पुढच्या वेळी असं दिसलं तर जनावर आधी रानातून बाहेर काढा आणि 1962 ला (जनावरांच्या डॉक्टरांची सरकारी हेल्पलाइन) किंवा जवळच्या डॉक्टरांना लगेच फोन लावा, फोनवरच सांगा की ज्वारीचे फुटवे खाल्लेत. यावर औषध आहे, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, वेळेत मिळालं तर पडलेलं जनावर उठतं. पण ते डॉक्टरांनीच द्यायचं, कारण भरपूर युरिया घातलेल्या चाऱ्यातून नायट्रेटची बाधा पण होते, तीही अशीच धाप लागून, फक्त त्यात रक्त चॉकलेटी होतं आणि तिथे हे नायट्राइट दिलं तर जनावर मारल्यासारखंच, त्याला मेथिलिन ब्लू लागतं. आणि धाप लागलेल्या जनावराला बाटलीने ताक, गूळपाणी, तेल काही ओतू नका हो, ते सरळ फुफ्फुसात जातं.

विमा असेल तर गाय पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्यायला हवं होतं, साप का किराळ हे पण तिथेच कळलं असतं. बाकीची गुरं सोडण्याआधी सकाळी पोटभर कडबा घाला आणि ते रान नांगरून टाका, एक पाऊस पडला की परत फुटतं ते.

बांधावरची घाणेरी (टणटणी) उपटू का विचारलंय, तर उपटाच, तीही विषारी. तिचं विष मात्र सावकाश काम करतं, लिव्हर खराब होतं, कावीळ होते, शेण घट्ट होतं आणि काही दिवसांनी नाकपुडी, कान, अंगावरचे पांढरे भाग उन्हाने भाजल्यासारखे सोलतात. असं जनावर दिसलं तर आधी सावलीत बांधा, उन्हात ठेवून मलम लावत बसू नका.