टेस्ट राइडला जाताना आपली गाडीही न्या

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

प्रश्न: काका, नमस्कार. मी कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक आहे, वय ४४. माझ्याकडे २०१४ ची पल्सर २२० एफ आहे, एकहाती वापरलेली. शाळेत जाऊन-येऊन रोज तीस किलोमीटर, बहुतेक हायवेच. गेल्या महिन्यात यामाहा आर१५ आणि टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या दोन गाड्यांची टेस्ट राइड घेतली. आर१५ गर्दीतून काढताना पिकअपच नाही असं वाटलं, त्यापेक्षा माझी २२० दमदार. पण वळणावर तीच गाडी नुसतं बघितलं तिकडे वळत होती. आरआर ३१० तर सगळ्यातच वरचढ. परत येताना स्वतःची गाडी अगदी बैलगाडी वाटायला लागली. २२० काढून टाकू का?

उत्तर: सर, काढायची की नाही ते नंतर बघू. आधी मला हे सांगा, त्या दिवशी तुमच्या २२० चा मागचा टायर कसा होता?

विचारायचं कारण असं की रोज हायवेला सरळ पळणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजतो. गाडी सेंटर स्टँडला लावा आणि टायरवरून तळहात आडवा फिरवा. नवा टायर हाताला गोल लागतो. तुमच्याला मध्ये सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना कड लागली, तर तो टायर चौकोनी झालाय. अशी गाडी वळणात घातली की ती आधी झुकायला नको म्हणते, आणि टायर त्या कडेवर चढला की एकदम आत पडते. या टायरवरून उतरून तुम्ही थेट आर१५ च्या १४० मिलिमीटर रुंदीच्या नव्याकोऱ्या रेडियल टायरवर बसलात. ती गाडी १४२ किलोची, फ्रेमही तिची खास वळणांसाठीच केलेली. तिचं वळणं चांगलं आहेच, त्यात वाद नाही. पण तुम्हाला जाणवलेल्या फरकातला किती आर१५ चा आणि किती तुमच्या झिजलेल्या टायरचा, हे आज तुम्ही सांगू शकणार नाही. मीही नाही.

टायर हे एक झालं. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे हळू फिरवून बघा. बरोबर मध्यभागी खाच लागल्यासारखं हँडल अडकलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. खाली लोंबणाऱ्या चेनला मधोमध बोटानं वर ढकला. साधारण २५ ते ३५ मिलिमीटर हलायला हवी. जास्त हलत असेल तर थ्रॉटल सोडून परत धरताना जो हिसका बसतो, तो इंजिनचा दोष समजून लोक गाडी विकतात. आणि फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या शॉकअबमधलं तेल? गाडी घेतल्यापासून बदललंच नसेल, हे मी पैजेवर सांगतो. आपल्याकडे इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारा माणूस फोर्कमध्येही तेल असतं हे विसरतो. दहा वर्षांत त्या तेलाचं पाणी होतं. ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते, आणि मग शोरूमची गाडी ब्रेकला किती स्थिर, असं वाटतं.

आता आर१५ च्या पिकअपचं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच. तुमच्या गाडीत २२० सीसी, जवळपास २१ पीएस ताकद आणि १९ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. आर१५ मध्ये १५५ सीसी, १८.४ पीएस आणि १४.२ न्यूटन मीटर. गर्दीत, खालच्या आरपीएमवर, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेतं तेव्हा, सीसीचा दम जाणवतोच. आर१५ ची ताकद वर भरलेली आहे. ७,४०० आरपीएमच्या आसपास तिचा इनटेकचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपांचा, दुसरा कॅम लागतो, तेव्हा मीटरवर व्हीव्हीए अशी खूण उमटते, आणि पूर्ण ताकद येते १०,००० ला. तुमच्या गाडीची पूर्ण ताकद ८,५०० लाच येऊन जाते. पल्सरवर घडलेला माणूस ५,००० ला गिअर टाकतो, कारण तिथे पल्सर कुरकुरायला लागते. तुम्ही आर१५ सुद्धा तशीच चालवली असणार. व्हीव्हीएची खूण एकदा तरी दिसली का, आठवून बघा. दिसली नसेल तर त्या गाडीचा वरचा अर्धा भाग तुम्ही पाहिलाच नाही. तिला सहा गिअर आहेत, तुमच्या गाडीला पाच. म्हणजे हात-पाय जास्त चालवावे लागणार. रोज शाळेत जाताना ते आवडेल का, हा प्रश्न मात्र तुमचा तुम्हीच सोडवायचा.

आरआर ३१० बद्दल एकच विचारतो, मोड कोणता होता? त्या गाडीत रेन, अर्बन, स्पोर्ट आणि ट्रॅक असे चार मोड येतात, आणि पहिल्या दोनांत ताकद मुद्दाम आवळलेली असते. २०२० च्या मॉडेलला स्पोर्टमध्ये ३४ पीएस मिळायचे आणि अर्बनमध्ये २५.८. नव्या मॉडेलला वरच्या मोडमध्ये ३८ आहेत. शोरूमची पोरं पन्नाशीकडे झुकलेला शिक्षक बघून गाडी अर्बनलाच ठेवतात. तसं असेल आणि तरीही ती तुम्हाला वरचढ वाटली असेल, तर तो चांगला कौल आहे.

माझं म्हणणं असं. २२० ला मागचा टायर, चेन सेट, कोनसेट, फोर्क ऑइल आणि लागलेच तर डिस्क पॅड टाका. खर्च नव्या गाडीच्या एखाद-दुसऱ्या हप्त्याएवढा. आठवडाभर चालवा, अंगवळणी पडू दे. मग २२० वरच शोरूमला जा. टेस्ट राइड ज्या रस्त्यानं देतात, त्याच रस्त्यानं आधी आपली गाडी फिरवून आणा, लगेच त्यांची फिरवा आणि मग पुन्हा आपली. ही तिसरी फेरी कोणी मारत नाही, आणि खरं उत्तर तिथंच मिळतं. सुसाट पळवायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावर सीझनला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. तो ओव्हरटेक डोळ्यांसमोर आणा. पन्नासच्या वेगाला, ज्या गिअरला तुम्ही एरवी असता त्याच गिअरला राहून थ्रॉटल द्या. गाडी निघते का, की आधी एक गिअर खाली टाकावा लागतो? नंतर तोच प्रकार मिसेसना मागे बसवून करा. स्पोर्ट बाइकची मागची सीट उंच आणि बशीएवढी असते. त्यांचं मत घरी येऊन ऐकण्यापेक्षा शोरूमच्या दारातच ऐकलेलं बरं.

एवढं करूनही आरआर वरचढ ठरली, तर बिनधास्त घ्या, तो फरक गाडीचा. आर१५ मी तुम्हाला सुचवणार नाही. गाडीत खोट म्हणून नव्हे. तिचं हँडल खाली आहे, मनगटावर भार येतो, आणि तुम्ही दिवसभर फळ्यासमोर उभे असता.

प्रश्न: मी सांगलीची, उंची पाच फूट दोन इंच. ॲव्हेंजर १६० चालवते आणि गाडीवर हात चांगला बसलाय. आता स्पोर्ट बाइक हवी आहे. एका शोरूममध्ये आर१५ वर बसले तेव्हा सेल्समननं मागून गाडी धरली होती, त्यामुळे काही कळलंच नाही. ॲप्रिलिया आरएस ४५७ सुद्धा डोळ्यांत भरलीय. उंचीमुळे नाद सोडावा का?

उत्तर: ताई, नाद कशाला सोडायचा? सेल्समनला तेवढं बाजूला व्हायला सांगायचं.

आकडे आधी देतो. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर. आर१५ ची ८१५, आरएस ४५७ ची ८००, कावासाकी निन्जा ३०० ची ७८५. कागदावर फरक बोटभर दिसतो, पण सीट मांड्यांजवळ किती रुंद यावरही पाय किती खाली पोचतो ते ठरतं. म्हणून जे बूट घालून रोज चालवणार, तेच घालून बसा. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं काही नाही. कंबर थोडी डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर, हे जमलं की सिग्नलला अडचण नाही. अडचण येते पार्किंगमध्ये. तेव्हा शोरूमच्या उतारावर गाडीवर बसूनच ती पायांनी मागे ढकलून बघा. आर१५ १४२ किलोची, आरएस ४५७ १७५ आणि निन्जा १७९. हा फरक चालवताना जाणवत नाही, पण हेच ढकलताना घाम काढतो.

मग हँडल पूर्ण वळवून एका दमात यू-टर्न घ्या. स्पोर्ट बाइकचं हँडल ॲव्हेंजरइतकं वळत नाही, आणि शेवटाला अंगठा टाकीजवळ येतो. पहिल्यांदा हे रस्त्यावर कळण्यापेक्षा शोरूमच्या आवारात कळू दे.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ॲव्हेंजरवर तुमचे पाय पुढे असतात. अचानक ब्रेक लावायची वेळ आली की उजवा पाय सवयीनं पुढे जाईल, आणि तिथं काहीच नसेल, कारण स्पोर्ट बाइकचा ब्रेक पेडल तुमच्या खाली, जरा मागेच असतो. सरावलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही. तेव्हा गाडी बाहेर काढण्याआधी आवारातच दहा-बारा वेळा चालवा-थांबवा करा. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे.

आरएस ४५७ बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात बनते, तेव्हा परदेशी नावाला बिचकू नका. ट्विन सिलिंडर, ४७.६ पीएस. ॲव्हेंजरच्या तिप्पट ताकद, म्हणून पहिली स्पोर्ट बाइक ही नको असं माझं स्पष्ट मत आहे. निन्जा ३०० किंवा आर१५ वर वर्षभर काढा. आणि टेस्ट राइडच्या आधी जो कागद सहीला देतात तो वाचा. गाडी पडली तर खर्च कुणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगला आहे, पल्सर एनएस२०० चालवतो. मित्राची केटीएम आरसी ३९० फक्त एकदा चालवली आणि आता माझी गाडी हलतच नाही असं वाटतंय. एनएस विकून आरसी घ्यावी म्हणतोय. घरचे तयार नाहीत.

उत्तर: पोरा, २४.५ पीएसवरून ४३.५ वर उडी मारलीस, तर दुसरं काय वाटणार? एनएस चार दिवस चालवलीस की ती परत हलायला लागेल.

घरच्यांशी बोलताना ताकदीचं पुराण लावू नकोस, त्यांना आकडे दे. आरसी ३९० ३७३ सीसीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के. २०२२ च्या दरपत्रकात थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ताही १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४. तेवीस सीसीसाठी तू वरच्या खान्यात जातोस. वर मागचा टायर १५० रुंदीचा रेडियल, तो तुझ्या एनएसच्या टायरच्या भावात येत नाही. मे महिन्यात सिग्नलला उभं राहून पंख्याची गरम हवा पायावर घेऊन बघ, ती मित्रानं तुला सांगितलेली नसेल. एवढं ऐकून बाबा हो म्हणाले, तर ये माझ्याकडे, जुनी गाडी बघून घ्यायला मी येतो.

आणि मित्राची गाडी चालवण्याआधी विमा चालू आहे का ते विचारत जा.

प्रश्न: शोरूमच्या टेस्ट बाइकवर कागल रस्त्याला मीटरवर १३० दिसले. माझ्या गाडीला त्याच रस्त्यावर ११५ च्या पुढे काटा जात नाही. म्हणजे ती गाडी पंधरानं फास्ट, बरोबर ना?

उत्तर: दोन्ही मीटर सारखंच थापा मारतात असं कुणी सांगितलं? मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम आहे, जास्त दाखवला तर ठराविक मर्यादेपर्यंत चालतो. त्यामुळे प्रत्येक कंपनी थोडा वरच ठेवते, आणि किती वर ते गाडीगणिक बदलतं. टायर झिजला की त्यात अजून भर. दोन्ही गाड्यांवर फोनचा जीपीएस लावून साठला तपासा, किती फरक ते लगेच कळेल. साठला म्हणतोय. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे ८० ची मर्यादा आहे, आणि कागल रस्त्याला एमआयडीसी सुटायच्या वेळी काय गर्दी असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.