वाचकांचे प्रश्न : टूट्स हिबर्ट यांचा अखेरचा अल्बम

प्रश्न : जमैकाचे ज्येष्ठ रेगे गायक टूट्स हिबर्ट यांचा ‘गॉट टू बी टफ’ हा २०२० सालचा अल्बम नुकताच ऐकला. त्यातला आवाज खरखरीत, काही ठिकाणी तर फाटल्यासारखा वाटला. तरीही त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा गौरव अल्बमचा, की दिवंगत गायकाला वाहिलेली श्रद्धांजली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण तारखाच तशा आहेत. अल्बम २८ ऑगस्ट २०२० रोजी आला, ११ सप्टेंबरला वयाच्या ७७ व्या वर्षी किंग्स्टनमध्ये हिबर्ट यांचे निधन झाले आणि ग्रॅमी मिळाले ते २०२१ च्या मार्चमध्ये. परीक्षकांच्या मनात काय होते ते बाजूला ठेवू. अल्बम मात्र सहानुभूतीच्या टेकूशिवाय उभा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

आवाजाविषयी आधी सांगायला हवे. ही खरखर केवळ म्हातारपणाची नाही. क्लॅरेंडन परगण्यातल्या मे पेन गावी जन्मलेला हा मुलगा चर्चमध्ये भक्तिगीते गात वाढला, आणि शब्द सोडून देऊन नुसत्या हुंकारांनी, आर्त हाकांनी ओळ पुढे नेण्याची तिथली रीत त्याच्या गळ्यात कायमची बसली. साठच्या दशकात ‘मेटल्स’ या त्रयीबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणांतही तो घासलेला, छातीतून येणारा स्वर स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याची तुलना अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंग यांच्याशी होत आली ती त्यामुळेच. वयाने वरचे स्वर थोडे आखडले हे खरे, पण हिबर्ट ते लपवत नाहीत; स्वर जिथे पुरत नाही तिथे ते ओरडून, दटावून, विनवून तो अर्थ पोहोचवतात.

याचा पडताळा अल्बममधल्या ‘थ्री लिटल बर्ड्‌स’ या गाण्यात घेता येईल. प्रख्यात जमैकन रेगे गायक बॉब मार्ली यांचे १९७७ चे मूळ गाणे निवांत चालीचे आहे. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ड्रमवादक मोकळी सोडतो आणि वजन तिसरीवर टाकतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक ठोका पडतो. समेवर आघाताची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला तिथे पोकळी लागते, आणि रेगेचा डौल त्या पोकळीतच आहे. हिबर्ट यांनी मार्लींचे पुत्र झिगी यांना सोबत घेऊन हेच गाणे वेगाने, जवळजवळ ललकारत म्हटले आहे. मूळ गाण्यात जो दिलासा होता, तो इथे हुकूम होतो. हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

‘जस्ट ब्रूटल’, ‘वॉर्निंग वॉर्निंग’, ‘स्ट्रगल’ या शीर्षकांवरूनच अल्बमचा रोख कळतो. अन्याय आणि उपेक्षा सोसणाऱ्यांना तो ताठ राहायला सांगतो, आणि सांगणाऱ्याला तसा अधिकारही होता. १९६६ साली ‘बॅम बॅम’ गाऊन जमैकाची पहिली महोत्सव गीत स्पर्धा जिंकल्यानंतर लवकरच गांजा बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना तुरुंगवास झाला. तो आरोप त्यांनी कधीही मान्य केला नाही. ‘५४-४६ दॅट्स माय नंबर’ हे त्यांचे गाजलेले गाणे त्या अनुभवातून आले. त्याच स्पर्धेत २०२० साली, राष्ट्रीय कीर्ती पाठीशी असताना, त्यांनी नव्या गाण्यासह पुन्हा भाग घेतला होता. ज्या कलावंताला त्या वर्षीही स्पर्धकांच्या रांगेत उभे राहावेसे वाटत होते, त्याच्या अल्बमकडे केवळ निरोपाचे गाणे म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

‘हॅविंग अ पार्टी’ हे हलकेफुलके गाणे मला बाकीच्यांच्या तोडीचे वाटले नाही, एवढेच उणे.

प्रश्न : हिबर्ट यांचे संगीत कुठून ऐकायला सुरुवात करावी?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ‘डू द रेगे’ या १९६८ च्या गाण्यापासून, ‘रेगे’ हे नाव ध्वनिमुद्रिकेवर प्रथम आले ते त्याच्यामुळे. मग ‘प्रेशर ड्रॉप’ आणि ‘स्वीट अँड डँडी’ ऐकावीत. दोन्ही १९७२ च्या ‘द हार्डर दे कम’ या जमैकन चित्रपटात आहेत. त्यानंतर ‘फंकी किंग्स्टन’ हा अल्बम, आणि मग सरळ ‘गॉट टू बी टफ’. मधली वर्षे सावकाश ऐकली तरी चालतील.