निकाल द्यायची घाई नको

कथा-कादंबरी वाचताना पात्र चांगलं की वाईट हे लगेच ठरवू नकोस. सुरुवातीला मीही पानोपानी न्यायाधीश होऊन बसायचो, आणि पुस्तक संपलं तरी हाती काही लागायचं नाही.

त्यापेक्षा पात्र स्वतःच्या वागण्याचं काय कारण सांगतं आणि प्रत्यक्षात काय करतं, हे शेजारी ठेवून बघ. रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या १८६६ सालच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह घे. सावकारणीचा खून का केला? घरची ओढाताण, तिच्या पैशातून इतरांचं भलं, असामान्य माणसाला नियम लागू नसतात हा सिद्धान्त... कारणं बदलतच राहतात. लुटलेली थैली मात्र त्याने उघडूनही न पाहता दगडाखाली लपवलेली असते! पैसा हवा होता म्हणणारा माणूस असं वागेल का? मी तिथे दोन दिवस अडकलो होतो.

महाभारतात ‘अश्वत्थामा मेला’ या प्रसंगी सगळे युधिष्ठिराच्या जमिनीला टेकलेल्या रथाबद्दल बोलतात. तू द्रोणांकडे बघ. खात्री करायला ते युधिष्ठिरालाच विचारतात, कारण हा खोटं बोलणार नाही असा त्यांचा विश्वास. म्हणजे आयुष्यभराचा खरेपणाच तिथे हत्यार झाला.

कथा कोण सांगतंय, तेही तपास. ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक बरंच काही झाकतो. आणि कुठल्या पात्राला तू पटकन माफ केलंस, हे समासात पेन्सिलीने टिपून ठेव. समीक्षेची पुस्तकं नंतर.